एक यंत्र, दोन दप्तरे

शाळेत मुलाचा दाखला मागायला गेलात की गुरुजी संगणकावर नाव घालतात आणि क्षणात जन्मतारीख समोर येते. नोंदी नीट लावून ठेवणारा आणि विचारताच काढून देणारा एक कारकून त्यामागे बसलेला असतो. तो माणूस नव्हे, प्रोग्राम आहे. त्याला डेटाबेस सर्व्हर म्हणतात. अशा कारकुनांपैकी एकाचे नाव पोस्टग्रेस. अमेरिकेतल्या बर्कली येथील विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर ह्यांच्या हाताखाली १९८६ साली त्याचे काम सुरू झाले. तो फुकट मिळतो, म्हणून शाळा-कॉलेजांना परवडतो.

आता असं पाहा. कचेरीत नवा कारकून आला की त्याला काही गोष्टी सांगाव्या लागतात. कोणत्या खिडकीवर बसायचे, कोणते कपाट सांभाळायचे, कुणाला आत घ्यायचे, कागद पसरायला मेज केवढे. पोस्टग्रेसला ह्या सूचना एका साध्या लेखी फाइलीतून मिळतात. तिचे नाव पोस्टग्रेस्क्यूएल डॉट कॉन्फ. तिच्यात खिडकीला पोर्ट म्हणतात आणि तिचा नेहमीचा क्रमांक ५४३२. कपाट म्हणजे डेटा डिरेक्टरी; सगळ्या नोंदी त्यात. आत कुणाला घ्यावे ही यादी मात्र वेगळ्या फाइलीत असते आणि ती यादी कुठे ठेवली आहे हे पहिल्या फाइलीत लिहितात.

एकाच यंत्रावर असे दोन कारकून बसवता येतात. एक खऱ्या कामाला, एक विद्यार्थ्यांच्या सरावाला. किंवा जुन्या आवृत्तीवरून नव्या आवृत्तीवर जाताना काही दिवस दोन्ही. डेबियन जातीच्या लिनक्सवर हे फार सोपे आहे. दुसरा मांडला की त्याला ५४३३ ही पुढची मोकळी खिडकी मिळते, कपाट वेगळे मिळते, सूचनांची फाइलही वेगळी. इथपर्यंत सर्व ठीक. घोटाळा होतो तो पुढे, माणसाच्या हातून.

मी ज्या कॉलेजात शिकवत होतो तिथली गोष्ट सांगतो. एका यंत्रावर दोन सर्व्हर होते. एकात परीक्षेचे गुण, दुसऱ्यात त्याच गुणांची नक्कल, मुलांनी हात साफ करून घ्यावा म्हणून. सोयीसाठी नाव आणि परवलीचा शब्द दोन्हीकडे एकच ठेवला होता. (सोयीसाठी! ह्या शब्दाने किती नुकसान केले आहे.) एकदा खऱ्या सर्व्हरच्या फाइलीत काही चांगल्या सुधारणा केल्या. मग वाटले, सरावालाही त्या हव्यात. पुन्हा कोण लिहीत बसतो? अख्खी फाइल उचलून तिकडे चिकटवली आणि खिडकीचा क्रमांक तेवढा ५४३३ केला.

पण डेबियनवर त्याच फाइलीत कपाटाचा पत्ताही लिहिलेला असतो. तो तसाच राहिला. म्हणजे सरावाच्या कारकुनाच्या हातात खऱ्या कपाटाचा पत्ता आला. तरी कित्येक दिवस काहीच बिघडले नाही, आणि हीच त्यातली भयंकर गोष्ट. कारण खिडकी, कपाट, मेजाचा मोठा भाग ह्या गोष्टी सर्व्हर फक्त सुरू होताना वाचतो. मध्येच फाइल पुन्हा वाच म्हणून सांगितले तर तो नोंदवहीत लिहून ठेवतो की ही सूचना बंद करून पुन्हा सुरू केल्याशिवाय लागू होणार नाही. आमच्याकडेही ते लिहिले गेले असणार. वाचले कुणी?

मग वळवाच्या पावसात एका रात्री वीज गेली. सकाळी यंत्र सुरू झाले तेव्हा सरावाचा सर्व्हर आधी उठला आणि खऱ्या कपाटापाशी जाऊन बसला. एका कपाटावर दोघांनी बसू नये म्हणून पोस्टग्रेस तिथे पोस्टमास्टर डॉट पीआयडी नावाची खूण ठेवतो. मागून खरा सर्व्हर आला, खूण पाहिली आणि सुरू व्हायला नकार दिला. त्याने केले ते बरोबरच केले. पण आम्ही तो का उठत नाही हे पाहत होतो आणि तिकडे प्रयोगशाळेत मुले नोंदी पुसण्याचा पाठ गिरवीत होती. त्यांनी पुसले ते खरे गुण. आदल्या रात्रीची नक्कल होती म्हणून निभावले. त्यानंतर भरलेले गुण कागदी पत्रकांवरून पुन्हा चढवावे लागले. मुलांचा ह्यात काडीचाही दोष नव्हता.

तर मग करायचे काय? दोन्हींना समान असलेल्या सूचना, म्हणजे मेजाचा आकार, नोंदवहीची पद्धत वगैरे, एका तिसऱ्या फाइलीत लिहा. दोन्ही फाइलींत 'इन्क्लूड' ह्या शब्दाने तिचा पत्ता द्या. खिडकी, कपाट आणि माणसांची यादी ज्याची त्याच्यापाशी राहू द्या; ह्या ओळी कधीही नकलू नका. एक सूचना दोनदा आली तर शेवटी वाचलेली खरी धरली जाते. म्हणून कुणा एकाला अपवाद करायचा असेल तर तो इन्क्लूडच्या खाली लिहावा, वर नव्हे. मेजाचा हिशोबही डोळसपणे करा. यंत्र फक्त सर्व्हरसाठीच असेल तर स्मरणाचा सुमारे चौथा हिस्सा ह्या मेजाला द्यावा असे सांगतात, पण तो एका कारकुनाचा हिशोब. दोघांना चौथा-चौथा दिलात तर अर्धे यंत्र तिथेच अडकले.

आणखी एक खाच आहे. २०१४ साली आलेल्या ९.४ आवृत्तीपासून 'आल्टर सिस्टिम' ह्या हुकमाने बसल्या जागी सूचना बदलता येते. ती तुमच्या फाइलीत जात नाही, पोस्टग्रेस्क्यूएल डॉट ऑटो डॉट कॉन्फ नावाच्या दुसऱ्याच फाइलीत, थेट कपाटात जाऊन पडते. ती सर्वांत शेवटी वाचली जाते. माणूस आपली फाइल दहादा बदलतो आणि काहीच फरक पडत नाही, ह्याचे कारण पुष्कळदा हेच असते.

बदलांचा इतिहास ठेवायला गिट ही उत्तम वही आहे. लिनस टोरवाल्ड्स ह्यांनी ती २००५ साली तयार केली. कोणती ओळ कुणी, कधी, कशासाठी बदलली ते तिच्यात राहते. परवलीचे शब्द मात्र तिच्यात कधी लिहू नयेत. आणि दोन सर्व्हरांचे परवलीचे शब्द वेगळेच असावेत. आमच्याकडे तसे असते तर त्या सकाळी मुले दारातच अडली असती.

शेवटी, फाइल काय म्हणते त्यापेक्षा सर्व्हर काय म्हणतो ते विचारावे. 'शो कॉन्फिग फाइल' म्हटले की तो कोणती फाइल वाचून बसला आहे ते सांगतो. 'शो डेटा डिरेक्टरी' म्हटले की कपाट सांगतो. डेबियनवर 'पीजी एलएसक्लस्टर्स' हा हुकूम दिला तर यंत्रावरच्या सर्व सर्व्हरांची यादी येते आणि प्रत्येकासमोर त्याची खिडकी आणि कपाट लिहिलेले असते. त्या दिवशी दुपारी आम्ही तो हुकूम दिला, तेव्हा दोन ओळींत खिडक्या दोन होत्या आणि कपाट एकच.