सदाशिव पेठ आणि नरिमन पॉइंट एकाच खणात

४११०३० हा पुण्याच्या सदाशिव पेठेचा पिनकोड. त्याला १०१ने भागलं की बाकी उरते ६१. आता ० ते १०० असे आकडे घातलेल्या खणांचं कपाट घ्या आणि सदाशिव पेठेची नोंद ६१व्या खणात टाका. पुन्हा हवी झाली, की तोच भागाकार करून थेट तो खण उघडायचा. हॅश टेबल म्हणतात ते हेच. जागा शोधत बसायचं नाही, तिचा हिशेब करायचा.

आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांनी जानेवारी १९५३मध्ये एका अंतर्गत टिपणात ही कल्पना मांडली. तिची अडचणही तितकीच जुनी. मुंबईच्या नरिमन पॉइंटचा पिनकोड ४०००२१. १०१ने भागा, बाकी ६१च! लून यांनी अशा नोंदी एकाच खणात साखळीने जोडल्या. पण साखळ्या लांबल्या, की शोधाशोध परत आलीच.

खण वाढवावेत, तर भाजक बदलतो आणि झाडून सगळ्या नोंदींचा हिशेब नव्याने करावा लागतो. डिस्कवर कोट्यवधी नोंदी सांभाळणाऱ्या डेटाबेसला हे परवडत नाही. इथे विटोल्ड लिटविन यांची १९८०मधली युक्ती मला फार देखणी वाटते. एका वेळी एकच खण फोडायचा, तोही ठरलेल्या क्रमाने. तुडुंब भरलेल्या खणाची पाळी अजून आली नसेल, तर त्याला तोवर जादा पान जोडायचं. ६१व्या खणाची पाळी आली, की त्यातल्या नोंदींना २०२ने भागायचं: नरिमन पॉइंट ६१मध्येच राहतो, सदाशिव पेठ नव्या १६२व्या खणात जाते. बाकीच्या खणांना धक्काही लागत नाही. फोड कुठवर आली, एवढं ध्यानात ठेवलं की पुरतं.

पोस्टग्रेस या डेटाबेसचा हॅश इंडेक्स याच पद्धतीवर उभा आहे. २०१७च्या दहाव्या आवृत्तीआधी त्यातले बदल लॉगमध्ये लिहिले जात नसत. सर्व्हर कोसळला, तर इंडेक्स नव्याने बांधावा लागे. ती उणीव गेली, तरी वेगळं काही सांगितलं नाही तर पोस्टग्रेस नोंदी क्रमाने लावणारा बी-ट्री इंडेक्सच बांधतो, आणि ते योग्यच आहे. खरी हॅश फंक्शनं साध्या भागाकाराहून कितीतरी जास्त घुसळण करतात, शेजारचे आकडेही दूरदूर पांगतात. त्यामुळे ‘४११००१ ते ४११०६०’ अशी मागणी हॅश इंडेक्सला पुरवता येत नाही.

दोन टेबलं जोडताना मात्र हाच डेटाबेस पुष्कळदा आपण होऊन हॅश टेबल उभारतो. लहान टेबल खणांत मांडतो, मोठ्यातली एकेक ओळ त्यावर ताडून बघतो, आणि उत्तर हाती आलं की सगळं कपाट मोडून टाकतो.