राखणीच्या कुत्र्याला चावायला काय द्यावे?



बैलाला पेंड किती, म्हशीला चारा कोणता, शेळीला जंताचे औषध कधी, हे आपण नेहमी बोलतो. पण रात्रभर वस्तीवर, गोठ्याशी, नाहीतर मेंढरांच्या वाड्यापाशी जागणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात काय जाते, इकडे फारसे कोणाचे लक्ष नसते. नुकसान होते ते नेमके तिथेच. कधी ठिबकची नळी फुटते, कधी मोटारीची वायर कुरतडली जाते, तर कधी चांगला तयार झालेला राखणदार पोटात काहीतरी अडकून चार दिवसांत जातो. हे सगळे थोड्या विचाराने टाळता येते.

कुत्रा चावतो तो खोडी म्हणून नव्हे

पिलाला तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात दुधाचे दात येतात. ते २८ असतात. चौथ्या महिन्याच्या सुमारास ते पडू लागतात आणि सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंत कायमचे ४२ दात येतात. या काळात हिरड्या शिवशिवतात, म्हणून पिलू दिसेल ते चावते. मोठा कुत्रा दिवसभर साखळीला बांधलेला असला, की कंटाळून चावतो. तेव्हा नुसते मारून ही सवय जात नाही. योग्य वस्तू दिली नाही, तर तो अयोग्य वस्तू स्वतःच शोधतो, एवढे पक्के समजा.

आधी कुत्रा पाहा, मग वस्तू निवडा

कुत्रा गावठी आहे, धनगरी आहे की कारवान, यापेक्षा तो चावतो कसा हे महत्त्वाचे. एखादी वस्तू देऊन पाव तास जवळ बसा आणि पाहा. काही कुत्रे नुसते कुरतडतात, चघळतात. काही दाढेखाली धरून फोडतात, तुकडे करतात. आणि काही तुकडा न चावता तसाच गिळतात. पहिल्याला बरेच काही चालते. दुसऱ्याला दणकट वस्तू लागते. तिसऱ्याला मात्र तुमची नजर असल्याशिवाय काहीही देऊ नये.

पारखण्याच्या दोन कसोट्या

पहिली कसोटी आकाराची. वस्तू कुत्र्याच्या तोंडात पूर्ण मावता कामा नये. पिलाला दिलेला चेंडू ते मोठे झाल्यावर घशात जाऊन बसतो. म्हणून कुत्रा वाढला, की वस्तूही बदला.

दुसरी कसोटी कडकपणाची. वस्तूवर अंगठ्याचे नख जोराने दाबा. नख थोडे तरी रुतले, तर ठीक. अजिबात रुतले नाही, तर ती दातापेक्षा कडक समजा. शिंग, खूर, बैलाच्या नळीचे हाड आणि दगड या कसोटीला उतरत नाहीत. अशा वस्तूंवर जोर लावला, की वरच्या जबड्यातल्या मोठ्या दाढेची कपची उडते. मग दाढ सडते, गालावर सूज येते आणि कुत्रा खाणे टाकतो.

कोणाला काय द्यावे

दात येणारे पिलू : स्वच्छ सुती फडके ओले करून त्याची घट्ट वेणी घाला, दोन गाठी मारा आणि माठाजवळ गार करून द्या. हिरड्यांना आराम पडतो. ज्वारीची भाकरी उन्हात कडक वाळवून दिली तरी पिलू आवडीने चावते, आणि पोटात गेली तरी पचते. मात्र भाकरीला बुरशी नको आणि कांदा-लसणाची चटणी लागलेली नको. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्ताला अपायकारक आहे.

तरणा, जोरकस कुत्रा : जाड सुती दोराचा हातभर तुकडा घेऊन दोन्ही टोकांना मोठ्या गाठी मारा. दोर नवा आणा. गुरांचा जुना कासरा नको. त्याला गोचिडाच्या औषधाचा अंश असू शकतो, शिवाय तो चावायची सवय लागली की उद्या दावणीचा दोरही कुत्रा सोडणार नाही. बाजारातून रबरी खेळणे आणायचे तर भरीव आणि चिवट रबराचे आणा. पोकळ असेल तर त्याला दोन्हीकडे भोके हवीत. एकच भोक असले तर जीभ आत ओढली जाऊन अडकते. दाबल्यावर पिपाणी वाजते असले खेळणे फोडणाऱ्या कुत्र्याला देऊ नका. तो पिपाणी काढून गिळतो.

म्हातारा कुत्रा : याचे दात झिजलेले, हललेले असतात. याला मऊ फडक्याची गाठ पुरे. भाकरी पाण्यात किंवा ताकात भिजवून द्या.

कोणतीही वस्तू रोज पाहा. दोराचे धागे सुटू लागले, रबराचा तुकडा निघाला, की ती फेकून द्या. चार पैशांची वस्तू वाचवायला जाल, तर कुत्रा गमवाल.

हे देऊ नका

जुनी चप्पल : पिलाला जुनी आणि नवी यांतला फरक कळत नाही. आज तुम्ही जुनी दिलीत, तर उद्या पाहुण्यांची नवी जाईल. ‘जुनीच तर होती’ म्हणून मग त्याला रागावण्यात अर्थ नाही.

शिजवलेली हाडे : शिजल्यावर हाड ठिसूळ होते आणि त्याच्या अणकुचीदार काड्या होतात. त्या घशात रुततात, आतड्याला भोक पाडतात. कोंबडीचे हाड असो की बोकडाचे, रश्श्यातले हाड कुत्र्याला नकोच.

आंब्याची कोय आणि मक्याचे बुरकुंड : दोन्ही पचत नाहीत आणि आतड्यात बुचासारखी बसतात. आंब्याच्या दिवसांत कोयी उकिरड्यावर उघड्या टाकू नका.

नायलॉनची दोरी आणि प्लॅस्टिकच्या गोणीचे धागे : लांब धागा पोटात गेला, की आतडे त्यावर चुणीसारखे गोळा होते आणि कापले जाते.

टायरचा तुकडा : रबर झिजले, की आतली तार बाहेर येते.

औषधाचे डबे, खताच्या आणि बियाण्याच्या पिशव्या : फवारणीच्या औषधाचा रिकामा डबासुद्धा विषारी असतो. बियाण्याला औषध चोळलेले असते. एरंडीची पेंड खत म्हणून टाकत असाल, तर तिचे पोते कुत्र्यापासून दूर ठेवा. ती खाऊन कुत्रे दगावतात.

काठ्या : बांबूची काडी चिरफळते आणि टाळूत घुसते. कण्हेर तर विषारीच आहे.

कच्चे आतडे-काळीज : धोका घरातल्या माणसांनाही

बकरे किंवा मेंढरू कापले, की त्याचे काळीज, फुप्फुस, डोके कुत्र्यापुढे टाकायची पद्धत आहे. मंडळी, ही पद्धत बंद करा. त्या अवयवांत पाण्याने भरलेल्या गाठी असल्या, तर त्यांतून कुत्र्याच्या पोटात बारीक चपटे कृमी वाढतात. कुत्रा वरून धडधाकट दिसतो, पण त्याच्या विष्ठेतून कृमींची अंडी अंगणात, चाऱ्यावर, भाजीवर पडतात. ती लहान मुलांच्या हाताने तोंडात गेली, की माणसाच्या यकृतात किंवा फुप्फुसात तशाच गाठी वर्षानुवर्षे वाढतात. पुष्कळदा शस्त्रक्रियाच करावी लागते. अशाच दुसऱ्या एका कृमीने मेंढीच्या मेंदूत गाठ होते आणि मेंढी एकाच बाजूला गोल गोल फिरू लागते.

म्हणून असा टाकाऊ भाग खोल पुरा किंवा जाळा. कुत्र्याला द्यायचाच असेल तर भरपूर उकळून शिजवून द्या. चपट्या कृमींसाठी प्राझिक्वांटेल हे औषध असते. साध्या जंताच्या औषधाने ते जातीलच असे नाही. ते किती आणि कधी द्यायचे, हे पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्या.

पोटात किंवा घशात अडकले तर

कुत्रा सारखा ओकतो, खात नाही, पाठ कमानीसारखी करून बसतो, शी होत नाही. ही लक्षणे दिसली तर वाट पाहू नका, दवाखाना गाठा. तोंडातून किंवा शेपटीखालून धागा लोंबत असेल तर तो ओढू नका. आतडे फाटते. मिठाचे पाणी पाजून ओकवण्याचा प्रयत्नही करू नका. काय गिळले असेल त्याचा उरलेला तुकडा किंवा औषधाचा डबा सोबत न्या. डॉक्टरांना त्याचा उपयोग होतो.

आणखी एक गोष्ट. पिलू खेळता खेळता पोरांच्या हाताला दात लावते. ‘पिलूच तर आहे’ म्हणून सोडून देऊ नका. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवा. हळद-चुना भरू नका. लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन दाखवा. पिसाळी एकदा सुरू झाली की माणूस हाती लागत नाही. पिलू तीन महिन्यांचे झाले, की त्याला पिसाळीविरोधी लस टोचून घ्या आणि पुढच्या मात्रा वेळेवर द्या.

ध्यानात ठेवा

१. वस्तू तोंडात न मावणारी आणि नख रुतेल इतपत मऊ असावी.
२. कुत्रा कसा चावतो ते पाहून वस्तू निवडावी. गिळणाऱ्यावर नजर ठेवावी.
३. वस्तू रोज तपासावी, फाटली की टाकावी.
४. शिजवलेली हाडे, कोय, बुरकुंड, नायलॉन, औषधाचे डबे कुत्र्याच्या वाटेत नसावेत.
५. कच्चे आतडे-काळीज कधीही देऊ नये.

हे पान वाचून झाले, की घरातल्या पोरांनाही वाचून दाखवा. कुत्र्याच्या तोंडात काय आहे, हे आपल्याआधी त्यांनाच दिसते.