मुलचेऱ्यातील कुमारागार

आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी कौमारभृत्याचा अभ्यास आपण बहुधा रुग्णाच्या खाटेपाशी करतो. वास्तविक चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात बालकाच्या औषधांआधी बालकाच्या घराचे वर्णन येते. कुमारागार कसे असावे, त्यातील अंथरुणे कशी असावीत, खेळणी कोणती द्यावीत, रडणाऱ्या मुलाशी कसे बोलावे, हे आचार्य इतक्या बारकाईने सांगतात की एखाद्या रांगत्या मुलामागे दिवसभर फिरूनच त्यांनी ते लिहिले असावे. आम्ही उभयता गडचिरोली जिल्ह्यातील मुलचेरा येथे वैद्यकी करतो. पदरी दोन मुली. थोरली सहा वर्षांची, पहिल्या इयत्तेत. धाकटीला नुकतेच सात महिने झाले. त्यांच्या संगतीत हा अध्याय पुन्हा वाचताना जे ध्यानात आले, ते सुज्ञ वाचकांपुढे ठेवीत आहोत.

ज्यांनी हा भाग पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडे प्रास्ताविक. 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला. मुलचेरा हा त्यातील दक्षिणेकडचा वनव्याप्त तालुका. गोंड-माडिया समाज येथील मूळ रहिवासी. गेल्या शतकाच्या साठीच्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासित कुटुंबांना या परिसरात वसविण्यात आले. तेलंगणाची सीमाही दूर नाही. त्यामुळे आमच्या ओसरीवर एका सकाळी मराठी, गोंडी, बंगाली आणि तेलुगू अशा चार भाषांतून खोकला सांगितला जातो. थोरली या चारही भाषांत भांडू शकते. शेजारच्या बंगाली आजी दोघींनाही 'मा' म्हणूनच हाक मारतात. लेकीला आईच्या नावाने पुकारण्याची ही रीत आम्हांस फार गोड वाटते. आमच्या विदर्भातही लहान पोरीला 'माय' म्हणतातच.

ब्राह्ममुहूर्ती उठावे, हा दिनचर्येचा पहिला नियम. तो सांगणाऱ्या आचार्यांच्या घरी सात महिन्यांचे मूल नसावे. धाकटी रात्री दोनदा उठते आणि पहाटे चारला ताजीतवानी होऊन खेळू लागते. मग ब्राह्ममुहूर्त आपोआप साधतो. चूल पेटते, तिळाचे तेल कोमट होते. अभ्यंगाला थोरली आजही धाकटीच्या शेजारी पाट मांडून बसते. सहा वर्षांच्या मुलीला रोज तेल लावायला वेळ कोठून आणावा, हा प्रश्न कोणीही विचारील. आमचा अनुभव असा की धाकटी आल्यावर थोरलीला जी उणीव भासते, ती त्या दहा मिनिटांत बरीचशी भरून निघते. अभ्यंगाच्या गुणांत वातहर, श्रमहर असे बरेच काही सांगितले आहे. मत्सरहर हा गुण आम्ही आमच्या जबाबदारीवर जोडतो.

धाकटीच्या आहारावरून घरात संहितांचाच वाद झाला. काश्यपांच्या मते सहाव्या महिन्यात फलरस द्यावा आणि अन्नप्राशन दहाव्या महिन्यात करावे. सुश्रुत सहाव्या महिन्यातच लघु व हितकर अन्न द्यावे असे म्हणतात. आजचे बालरोगशास्त्रही सहा महिने पूर्ण होईपर्यंत निव्वळ आईचे दूध आणि त्यानंतर दुधासोबत मऊ, घट्टसर वरचे अन्न सुचविते. आम्ही सुश्रुतांची बाजू घेतली. हा प्रदेश धानाचा. नव्या तांदळापेक्षा जुना तांदूळ पचायला हलका, म्हणून मागील वर्षीचा तांदूळ राखून ठेवला होता. त्याची मुगाच्या डाळीसह मऊ खिचडी, वर साजूक तुपाचा थेंब. पेज मात्र अगदी पातळ देत नाही. पाण्याने पोट भरते, मूल भरत नाही. या जिल्ह्यातील बालमृत्यूंचा अभ्यास 'सर्च' संस्थेच्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी केला. 2001 मधील 'कोवळी पानगळ' हा बालमृत्यूंवरील अहवाल ज्यांनी वाचला आहे, त्यांना वाटीभर घट्ट खिचडीचे मोल वेगळे सांगावयास नको.

आता कुमारागाराकडे वळू. ते रम्य, दृढ आणि उजेडाचे असावे. थेट वारा लागू नये, पण एका बाजूने हवा खेळती असावी. श्वापदे, दंष्ट्रावाले प्राणी, उंदीर, कीटक यांचा तेथे शिरकाव नसावा, असे चरक सांगतात. आमचे घर कौलारू, दोन खोल्यांचे. मागे परसात निंब, शेवगा आणि लगेच पुढे रान. पहिल्या तीन अटी जमतात. शेवटची अट म्हणजे या तालुक्यात राहण्याची खरी किंमत. पावसाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत हिवताप, आणि तोही पुष्कळदा मेंदूपर्यंत पोहोचणारा. रात्री जमिनीवर निजणाऱ्यांना मण्यार डसते. दंश इतका बारीक की कित्येकदा कळतही नाही. म्हणून आमच्या कुमारागाराचे सार दोन वस्तूंत आहे. एक उंच खाट, दुसरी औषध लावलेली मच्छरदाणी. ती गादीखाली नीट खोचलेली असली म्हणजे डास आणि साप दोहोंपासून रक्षण होते. संध्याकाळी दिवेलागणीला मच्छरदाणी खोचण्याचे काम थोरलीकडे आहे, आणि ती चारही कोपरे मोजून दाखवते.

धूपनाविषयी एक सूचना येथे करावीशी वाटते. वेखंड, गुग्गुळ, मोहरी आदींचे धूपन चरकांनी सांगितले आहे ते बालकाची वस्त्रे, अंथरुणे व पांघरुणे यांच्यासाठी. प्रत्यक्षात घरोघरी बाळालाच शेगडीवर धरले जाते आणि खोली धुराने कोंडली जाते. कोवळ्या फुप्फुसांना हा धूर बाधतो. न्यूमोनिया हे बालमृत्यूचे एक मोठे कारण असलेल्या जिल्ह्यात तर ही चाल सोडलीच पाहिजे. दुपटी परसात धुपवावीत, बाळ घरात राहू द्यावे. त्याच ठिकाणी आचार्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली आहे. मळलेली वस्त्रे टाकून द्यावीत. पण दुसरी मिळण्याजोगी नसतील तर तीच स्वच्छ धुऊन, धुपवून, पूर्ण वाळवून पुन्हा वापरावीत. गरिबाच्या घराची ही जाण आम्हांला फार मोलाची वाटते. दिना नदीला पूर येऊन वाटा बंद होतात, आठ आठ दिवस ऊन पडत नाही, तेव्हा चुलीवरच्या दोरीकडे पाहत आम्ही 'पूर्ण वाळवून' या अटीचे चिंतन करतो.

ज्वराबाबत आमच्या घरचा नियम कडक आहे. मुलीचे अंग तापले की प्रथम रक्ततपासणी. गावातील आशाताईंकडे बोटाच्या थेंबावर होणारी चाचणी असते. काही मिनिटांत निदान होते. निदान झाले तर शासनाने ठरवून दिलेली औषधे वयाप्रमाणे पूर्ण मुदत. गुडूची आमच्या कुंपणावरच आहे आणि तिच्यावर आमची श्रद्धाही आहे, परंतु तिची पाळी नंतरची, अग्निमांद्य आणि दौर्बल्य उरते तेव्हाची. विषमज्वराच्या पहिल्या दिवशी काढ्यावर थांबणे या प्रदेशात बालकाच्या जिवाशी खेळणे होय, असे आमचे स्पष्ट मत आहे. काही व्यवसायबंधूंना ते रुचणार नाही, याची कल्पना आहे.

खेळण्यांचा भाग तर थोरलीला वाचून दाखविण्याजोगा. खेळणी चित्रविचित्र, आवाज करणारी, सुंदर, हलकी असावीत. टोकदार नसावीत, तोंडात जाण्याजोगी नसावीत, भीतिदायक नसावीत. येथील रान म्हणजे खेळण्यांचे दुकानच. बेलाची कवटी, बांबूची पुंगळी, मोहाची टोळ. एके दिवशी थोरली शाळेतून येताना ओंजळभर गुंजा घेऊन आली. लाल, काळ्या डोळ्याच्या, हिच्यापेक्षा सुंदर मणी नाही. गुंजेची गणना उपविषांत आहे. सबंध बी गिळले तर कधी तसेच बाहेर पडते, पण चावले गेले किंवा टोचून माळेत ओवले तर त्यातील विष मोकळे होते, आणि रांगते मूल प्रत्येक वस्तू तोंडाने पारखते. थोरलीला आम्ही हे जसेच्या तसे सांगितले. तिने गुंजा स्वतःच्या हाताने बरणीत भरून औषधांच्या वरच्या फळीवर ठेवायला लावल्या आणि मैत्रिणींनाही बजावले.

मूल रडते, जेवत नाही म्हणून राक्षस-पिशाच्चांची नावे घेऊन त्याला भिववू नये, हाही चरकांचाच उपदेश. आमच्याकडे अडचण अशी की येथे वाघ खरोखरच येतो. जिल्ह्यात वाघाच्या हल्ल्यात माणसे दगावली आहेत. 2021 पासून छत्तीसगडकडून आलेले रानटी हत्तीही या जिल्ह्यात फिरत आहेत. तेव्हा संध्याकाळनंतर परसाच्या पलीकडे जायचे नाही, हे वाघाचे नाव घेऊनच सांगावे लागते. मात्र वाघाचे नाव जेवणाच्या ताटाशी घ्यायचे नाही, असा दंडक आहे. खरी धास्ती आणि खोटी भीती मुलांना वेगळी कळते.

ज्या गोष्टीमुळे हा लेख लिहावयास घेतला, ती आता सांगतो. आमच्या ओसरीवर महिन्या-दोन महिन्यांनी एखादे जोडपे येते; बहुधा दूरच्या मैदानी गावाहून, नात्यागोत्यातून पत्ता काढत. दोन मुली आहेत, तिसऱ्या वेळी मुलगा व्हावा म्हणून औषध द्या. पुंसवन ग्रंथात आहे ना, मग वैद्याजवळ असेलच, असा त्यांचा भाव. गेल्या श्रावणात असेच एक जोडपे बसले होते. बाईंच्या पदराला धरून त्यांची धाकटी मुलगी उभी होती, आणि आमची थोरली खांबाशी पाटी घेऊन बसली होती. पाहुणे गेल्यावर ती म्हणाली, "आई, मी झाले, मग बाळ झालं, तेव्हा तू ते औषध घ्यायचं विसरली होतीस का?"

सहा वर्षांच्या मुलीने मांडलेले हे तर्कशास्त्र अचूक होते. आम्ही तिला सांगितले की असे औषध मुळी नसतेच, आणि असते तरी घेतले नसते. आम्हांला तीच हवी होती. यातील दुसरा भागही शास्त्राला धरून आहे. याच अध्यायात अपत्यप्राप्तीचा विधी सांगताना पुत्रेच्छूंबरोबर 'दुहितृकाम', म्हणजे कन्येची इच्छा करणाऱ्या दांपत्याचाही विचार केलेला आहे. पुंसवनाची चर्चा करणारे बहुतेक जण हा शब्द ओलांडून पुढे जातात.

औषध नसते, हे मात्र मोठ्यांनाच अधिक स्पष्ट सांगावे लागते. गर्भाचे लिंग गर्भाधानाच्या क्षणी पित्याच्या बीजाने ठरते. दुसऱ्या महिन्यात दिलेल्या कोणत्याही कल्पाने ते बदलत नाही. अशा औषधांचा जन्मजात व्यंगांशी आणि मृतजन्मांशी संबंध असल्याचे हरियाणात झालेल्या अभ्यासांत दिसून आले आहे. शिवाय 1994 चा कायदा 2003 मध्ये दुरुस्त झाल्यापासून गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही गुन्हा आहे, आणि तिची जाहिरातही. जोडप्याला हे सर्व आम्ही ओसरीवरच सांगतो, आवाज न लपविता, मुलींच्या कानांवर पडेल असे.

येथे थोडे तारतम्यही हवे. 2011 च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात गडचिरोली जिल्ह्यात दर हजार मुलांमागे 961 मुली होत्या. राज्याची सरासरी 894 होती. ज्या समाजाला आपण मागास म्हणतो, त्याच्याकडे मुलगी झाली म्हणून कोणी सांत्वनाला येत नाही. धाकटी झाली तेव्हा घरी कामाला येणाऱ्या गोंड मावशींनी तिला आधी न्याहाळले आणि नाक आजीवर गेले की कोणावर, एवढीच चर्चा केली. सांत्वनाचे दूरध्वनी आले ते शहरांतील आप्तांचे. परंतु याच मावशींना पाळीच्या दिवसांत गावाबाहेरच्या कुर्माघरात, पावसाळ्यातही, राहावे लागते. थोरलीने एकदा विचारले, मावशी आज कोठे निजल्या? तिथे मच्छरदाणी आहे का? नव्हती. आम्ही एक दिली. मावशींनी ती नेली, आणि आता त्या चार दिवसांत ती तेथे लागते. यापुढचे बोलणे मावशींशी आणि गावातील बायांशी सुरू आहे, आणि ते सावकाशच होणार.

धाकटीचा कर्णवेध राहिला आहे. वाग्भट सहाव्या, सातव्या किंवा आठव्या महिन्यात, हिमागमात आणि मूल निरोगी असताना तो करावयास सांगतात. मुलाचा उजवा कान आधी, मुलीचा डावा, असे सुश्रुतांचे वचन. सध्या तिला थोडी सर्दी आहे. ती उतरली की मार्गशीर्षात करू. बंगाली आजींनी मांडीवर धरण्याचा हक्क आतापासून सांगून ठेवला आहे, आणि थोरलीने डावा कान कोणता ते धाकटीला रोज हात लावून शिकविणे सुरू केले आहे.