खाणारेच नसलेला समुद्र

इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यात न्यूकी नावाचं किनाऱ्यावरचं गाव आहे. तिथल्या ब्लू रीफ मत्स्यालयात २००९ साली एका टाकीतले प्रवाळ रातोरात तुटू लागले. काल धडधाकट असलेला प्रवाळ आज सकाळी दोन तुकडे होऊन पडलेला असायचा. कर्मचाऱ्यांनी सापळे लावले, तर सकाळी सापळेच मोडलेले सापडले. शेवटी टाकीतले दगड एकेक करून बाहेर काढायला घेतले, तेव्हा तळाशी दडलेला गुन्हेगार हाती लागला. तो होता चार फूट लांबीचा, भक्कम जबड्यांचा एक समुद्री कृमी. वर्तमानपत्रांतून तो पुढे ‘बॅरी’ या नावाने गाजला. त्याला टाकीत कुणीही सोडलेलं नव्हतं. पिल्लू असताना एखाद्या दगडाच्या भोकात बसून तो आला असावा आणि सगळ्यांच्या नाकावर टिच्चून तिथे वाढला असावा.

घरात खाऱ्या पाण्याची प्रवाळटाकी, म्हणजेच ‘रीफ टँक’, ठेवणाऱ्यांना ही गोष्ट ऐकून हसूही येतं आणि घामही फुटतो. कारण प्रत्येकाच्या टाकीत लहानमोठा बॅरी असतोच. लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम मीठ, २५-२६ अंश तापमान, निळसर दिवे, लाटांची नक्कल करणारे पंप, पाण्यातली घाण फेसावाटे वर काढणारा प्रोटीन स्किमर असा सगळा संसार मांडायचा. त्यात ‘लाइव्ह रॉक’ म्हणजे जिवाणू आणि सूक्ष्मजीवांनी भरलेले सच्छिद्र दगड रचायचे. माशांच्या विष्ठेतून सुटणाऱ्या विषारी अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करून टाकणारे जिवाणू या दगडांवरच राहतात, त्यामुळे दगडांशिवाय टाकी चालत नाही. पण ज्या भोकांत हे उपकारकर्ते राहतात, त्याच भोकांतून नको असलेले भाडेकरूही येतात.

रक्तबीज

रात्री दिवे मालवल्यावर तासाभराने, काचेवर लाल कागद लावलेली विजेरी घेऊन टाकीसमोर बसा. बऱ्याच निशाचर जीवांना लाल उजेड फारसा जाणवत नाही, त्यामुळे ते बिनधास्त बाहेर आलेले असतात. एखाद्या खाचेत तपकिरी झाक असलेलं एक काचेसारखं फूल डोलताना दिसेल. बोटाच्या पेराएवढा देठ आणि त्यावर केसांसारख्या शुंडकांचा झुबका. काडी लावा, क्षणात ते भोकात गडप होतं. हे ऐप्टेशिया, समुद्रफुलांच्या कुळातलं. नव्या माणसाला वाटतं, काय गोड पाहुणा आला! दोन महिन्यांनी त्याच दगडावर चाळीस झुबके डोलत असतात आणि त्यांच्या डंखांनी शेजारचे प्रवाळ आक्रसून गेलेले असतात.

ते खरवडून काढणं म्हणजे आगीत तेल ओतणं. तळव्याचा टाचणीच्या डोक्याएवढा तुकडा दगडाला चिकटून राहिला, तरी त्यातून नवं फूल उभं राहतं. खरवडायचीही गरज नाही; सरकता सरकता ते स्वतःच तळव्याचे कण मागे सोडत जातं आणि कणाकणाचं फूल होतं. याच चिवटपणामुळे ते जीवशास्त्रज्ञांचं मात्र लाडकं आहे. प्रवाळासारखंच तेही अंगात सूक्ष्म शैवाल सांभाळतं, आणि प्रवाळाहून कितीतरी सहज प्रयोगशाळेत वाढतं. प्रवाळ पांढरे का पडतात हे समजून घ्यायला त्याचा मोठा उपयोग होतो. त्याचा संपूर्ण जीनोम २०१५ साली प्रसिद्ध झाला.

यावरचा घरगुती उपाय ऐकून मराठी वाचकाला शाळा आठवेल. जगभरचे शौकीन ‘काल्कवासर’ असं भारदस्त जर्मन नाव घेतात, ती म्हणजे आपली चुन्याची निवळी. तिच्याच शुद्ध चुन्याचा दाट लगदा सिरिंजमध्ये भरून ऐप्टेशियाच्या तोंडात हळूच सोडायचा. अन्न समजून ते गिळतं आणि आतून जळतं. पाच-दहा झुबक्यांना हे पुरतं. शंभर झाले की हात टेकावे लागतात.

रक्तबीजाच्या कथेत देवीला हेच कळून चुकलं होतं. तलवारीच्या प्रत्येक घावासरशी नवे राक्षस उभे राहत होते. तो मेला, कारण चामुंडेने रक्ताचा थेंब जमिनीवर पडायच्या आत पिऊन टाकला. टाकीतली चामुंडा म्हणजे ‘बर्गिया’ ही दोन-तीन सेंटिमीटर लांबीची, शंख नसलेली समुद्री गोगलगाय. ती ऐप्टेशियाच खाते, दुसरं काही नाही. खाताना त्याच्या डंखपेशी न पचवता पाठीवरच्या बोटांसारख्या उंचवट्यांत साठवते आणि स्वतःच्या रक्षणासाठी वापरते. ऐप्टेशिया संपलं की बर्गियाही उपाशी मरते, म्हणून समजूतदार शौकीन तेव्हा ती दुसऱ्या गरजूच्या टाकीत पाठवतात. पेपरमिंट कोळंबीही ऐप्टेशिया खाते, मात्र तिच्या नावाखाली दुकानांत कधी कधी दिसायला तशीच असलेली उंटकोळंबी गळ्यात मारली जाते. ती तर मऊ प्रवाळांवरच ताव मारते.

खाणारा आणला की प्रश्न सुटतो, हे एकदा डोक्यात बसलं की टाकीतल्या बाकीच्या भानगडींकडे पाहायची नजरच बदलते. ऐप्टेशिया समुद्रातही असतं. तिथे त्याचा उपद्रव होत नाही, कारण त्याला खाणारे आसपास फिरत असतात. आपण समुद्राचा तुकडा घरी आणला, पण खाणारे बाहेरच राहिले.

हिरवं, लाल, तपकिरी

शेवाळाचंही तसंच. नवी टाकी मांडल्यावर काही आठवड्यांतच वाळूवर तपकिरी साय धरते. हे डायटम, पाण्यातल्या सिलिकेटपासून स्वतःभोवती काचेची डबी बांधणारे एकपेशीय जीव. सिलिकेट संपलं की ते आपोआप ओसरतात. घाबरून औषध ओतणाऱ्याचे पैसे तेवढे जातात.

मग लाल साय येते. वाळूवर मखमली चादर पसरावी तशी, मध्ये मध्ये बुडबुडे. सगळे तिला लाल शेवाळ म्हणतात, पण ती शेवाळ नाहीच; ते सायनोबॅक्टेरिया, म्हणजे जिवाणू. त्या बुडबुड्यांत असतो प्राणवायू. पृथ्वीच्या हवेत प्राणवायू जमू लागला तो सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी, याच जिवाणूंच्या पूर्वजांमुळे. ज्यांच्यामुळे आपण श्वास घेतो, त्यांनाच आपण दर रविवारी नळीने ओढून बादलीत टाकतो. पंपाचा झोत नीट पोचत नाही अशा कोपऱ्यात आणि सडत्या अन्नकणांवर ते माजतात. प्रतिजैविकाने ते मरतात खरे, पण कोपऱ्यातलं साचलेलं पाणी आणि तळाचा गाळ तसाच राहिला तर पुन्हा येतात.

हिरव्या केसाळ शेवाळाचं मूळ बहुतेकदा आपल्याच हातात असतं. मासे ‘भुकेले दिसतात’ म्हणून चिमूटभर जास्त खाणं टाकायचं, त्यातून फॉस्फेट सुटतं. गंमत म्हणजे पाणी तपासलं तर फॉस्फेट कमीच भरतं. ते गेलेलं नसतं. दगडातल्या चुनखडीला चिकटून बसलेलं असतं आणि पुढे महिनोन्‌महिने हळूहळू बाहेर झिरपतं. शेवाळ दगडावरच का उगवतं, याचं अर्धं उत्तर यात आहे.

यावर रागावून काही जण दुसरं टोक गाठतात. फॉस्फेट शोषणारी रसायनं, मोठा स्किमर, उपाशी मासे. नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य. तपासणी-संचातली बाटली अगदी पांढरीशुभ्र. आणि मग एके सकाळी वाळूवर, दगडांवर, प्रवाळांवर शेंबडासारखे तपकिरी तंतू लोंबू लागतात, टोकांना बुडबुडे. हे डायनोफ्लॅजेलेट. रात्री विरघळल्यासारखे नाहीसे होतात, दुपारपर्यंत पुन्हा हजर. त्यांच्या काही जाती विषारी असतात. त्या खाऊन शेवाळ साफ करणारे शंख पटापट मरतात. पाणी बदलून, घासून ते जात नाहीत, उलट फोफावतात. उपाय ऐकून नवखा माणूस डोक्याला हात लावतो: पाण्यात नायट्रेट आणि फॉस्फेट मुद्दाम घाला! शेवाळ आणि जिवाणू उपाशी मेले, म्हणून रिकामी झालेली जागा या मंडळींनी बळकावलेली असते. जुने रहिवासी पोटभर खाऊन परतले, की यांचा जोर ओसरतो. विशेष म्हणजे प्रवाळाच्या अंगात राहून उन्हावर साखर तयार करून त्याला पोसणारं शैवालही डायनोफ्लॅजेलेटच. एकाच गटातले दोन भाऊ, एक घर चालवतो आणि दुसरा घर बुडवतो.

जमैकाची टाकी

खाणारे गेले तर काय होतं, याचा सगळ्यात मोठा प्रयोग कुणा शौकिनाने केला नाही, तो कॅरिबियन समुद्रात आपोआप घडला. तिथल्या प्रवाळखडकांवर डायडेमा नावाचे लांब काळ्या काट्यांचे सी अर्चिन रात्रभर शेवाळ चरत. १९८३ साली पनामाच्या किनाऱ्याजवळ त्यांच्यात रोगाची साथ आली आणि वर्षभरात कॅरिबियनमधले नव्वद टक्क्यांहून अधिक डायडेमा मेले. जमैकात शेवाळ खाणारे मासे माणसांनी आधीच उपसून काढलेले होते. चरणारं कुणीच उरलं नाही. १९७० च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या खडकांचा निम्म्याहून अधिक भाग जिवंत प्रवाळाने झाकलेला होता. पंधराएक वर्षांत तो पाच टक्क्यांच्याही खाली आला. वादळांनीही हातभार लावला, पण मोकळ्या झालेल्या जागेवर शेवाळाने ठाण मांडलं ते चरणाऱ्यांविना.

म्हणून जाणते शौकीन शेवाळ दिसल्यावर औषधाच्या बाटलीआधी चरणारे शोधतात. काच आणि दगड चाटणारे टर्बो शंख, लहान जातीचे सी अर्चिन, टाकी मोठी असेल तर टँग मासा. हिरव्या काचेच्या गोटीसारखं दिसणारं बुडबुडा-शेवाळ पाचूखेकडा फोडून खातो. ती अख्खी गोटी म्हणजे एकच पेशी असते, नुसत्या डोळ्यांना दिसणारी. स्मिथसोनियन संस्थेतल्या वॉल्टर अॅडी यांनी तर १९८० च्या सुमारास शेवाळाला नोकरीच दिली. दिव्याखालच्या जाळीवर शेवाळ मुद्दाम वाढवायचं, त्याला पाण्यातलं नायट्रेट-फॉस्फेट खाऊ द्यायचं आणि मग जाळी खरवडून साफ करायची. काट्याने काटा काढायचा, पण काटा आपल्या हातात ठेवून.

चरणाऱ्यांच्या या गर्दीत एक बिचारा फुकट मार खातो, तो ब्रिसल कृमी. अंगावर पांढऱ्या केसांचे झुपके, वळवळती चाल. पाहिल्याबरोबर लोक चिमटा शोधतात. वास्तविक बहुतेक जाती उरलेलं अन्न आणि मेलेले जीव साफ करणाऱ्या सफाई कामगार. हात लावला तर केस बोटात रुततात आणि चुरचुरतं, एवढाच काय तो गुन्हा. ते फार वाढले असतील, तर खाणं जास्त पडतंय असा निरोप समजावा.

उकळत्या पाण्याआधी

एका बाबतीत मात्र गंमत करून चालत नाही. झोअँथिड नावाचे रंगीत, बटणांसारखे मऊ प्रवाळ घरोघरच्या टाक्यांत असतात. त्यांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे जगातल्या सर्वांत जहाल नैसर्गिक विषांपैकी एक विष असतं. हवाईत माउई बेटावरच्या एका डबक्यातलं ‘शेवाळ’ भाल्यांच्या टोकांना फासत, अशी तिथली लोककथा होती. त्या मागावर निघालेल्या मूर आणि श्यूअर या रसायनशास्त्रज्ञांनी १९७१ साली हे विष वेगळं काढलं. ऐप्टेशियाने भरलेला दगड ‘निर्जंतुक’ करायला कुणी स्वयंपाकघरात उकळला आणि त्यावर झोअँथिड असले, तर वाफेतून विष साऱ्या घरात पसरतं. अशा प्रकारांत अख्खी कुटुंबं रुग्णालयात गेलेली आहेत. दगड उकळू नये, गरम पाण्याने धुऊ नये, कोरडा घासू नये. हातमोजे आणि चष्मा घालावा.

बाकी खबरदारी साधी आणि कंटाळवाणी आहे, म्हणूनच टाळली जाते. नवा प्रवाळ थेट टाकीत न सोडता काही आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवायचा. औषधी द्रावणात बुडवला की कीड गळून पडते, अंडी मात्र तशीच राहतात. तेव्हा ज्या चकतीवर तो चिकटवलेला असतो ती फेकून द्यायची. झोअँथिड खाणारी गोगलगाय तर ज्याला खाते त्याच्याच रंगाची होते, ती पहिल्या दिवशी दिसेलच असं नाही.

आपल्याकडे आणखी एक रेषा आहे. भारतात २००१ पासून खडक बांधणारे सगळे प्रवाळ आणि समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण कायद्याने वाघाच्या पंगतीला बसवले आहेत. मालवणच्या समुद्रातून प्रवाळाचा तुकडा उचलून आणणं हा गुन्हा ठरतो.

आणि समुद्रातून घरी येणारी वाट उलट्या दिशेनेही चालते. टाकी शोभिवंत दिसावी म्हणून वाढवलेल्या कॉलर्पा टॅक्सिफोलिया या हिरव्यागार शेवाळाचा एक तुकडा १९८४ साली मोनॅकोच्या समुद्रशास्त्र संग्रहालयाच्या भिंतीखाली भूमध्य समुद्रात आढळला. त्याला खाणारं तिथे जवळपास कुणी नव्हतं, आणि पुढे ते किनाऱ्याकिनाऱ्याने पसरत गेलं. कॅलिफोर्नियातल्या एका खाडीत ते २००० साली सापडलं, तेव्हा त्यावर ताडपत्र्या टाकून खाली क्लोरीन सोडावं लागलं. सहा वर्षं आणि सत्तर लाखांहून अधिक डॉलर खर्चल्यावर ते संपल्याचं जाहीर झालं. म्हणून टाकी साफ केल्यावर बादलीतलं शेवाळ वाळवून कचऱ्यात टाकावं, खाडीत कधीही नाही. मोनॅकोच्या भिंतीखालचा तो पहिला तुकडा जेमतेम एक चौरस मीटरचा होता, दिवाणखान्यातल्या एखाद्या टाकीच्या तळाएवढा.