वारा आणि भाता

माझा भाचा नुकताच नोकरीला लागला. पहिल्या पगारातून तो आईला साडी आणील असे आम्हांला वाटले होते. पण स्वारीने एक जाहिरात माझ्यापुढे धरली. "मामा, हा इलेक्ट्रिक सुपरचार्जर! आपल्या जुन्या गाडीला बसवला की पसरणीचा घाट हां हां म्हणता चढेल."

मी पडलो मराठीचा मास्तर! तरी म्हटले, गणित मांडून तर पाहू.

इंजिनात हवा जितकी जास्त, तितके पेट्रोल जास्त जळते आणि जोर वाढतो. सुपरचार्जर ही हवा दाबून भरतो. आमचे इंजिन १२०० सी. सी.चे. मिनिटाला ६००० फेऱ्या झाल्या, की ते सुमारे ३६०० लिटर हवा ओढते. तिच्यावर एकतृतीयांश जादा दाब द्यायचा, तर निदान ३ किलोवॅट वीज हवी. म्हणजे १२ व्होल्टच्या बॅटरीतून २५० अँपियर! दोन्ही हेडलाइट मिळून खातात जेमतेम १०. एवढी वीज लहान गाडीने आणायची कोठून? जाहिरातीतला तो चिमुकला पंखा म्हणजे भरधाव इंजिनाच्या नाकात बोळाच.

"मग हे सारे थोतांड?"

तसेही नव्हे. २०१६ साली ऑडीच्या एस. क्यू. ७ या डिझेल गाडीत विजेवरचा खरा कॉम्प्रेसर आला. पाव सेकंदात तो मिनिटाला ७०,००० फेऱ्यांपर्यंत पोचतो. त्याला ७ किलोवॅटपर्यंत वीज लागते. म्हणून गाडीत ४८ व्होल्टची निराळी व्यवस्था करावी लागली. आणि त्याचे काम किती वेळ? धुराच्या जोरावर फिरणारा टर्बो वेग घेईपर्यंतच!

"अरे, पंखा नुसता वारा घालतो. लोहाराचा भाता हवा दाबून फुंकतो. फरक आहे तो इतकाच."

भाचा गप्प झाला. मग हळूच म्हणाला, "घाट चढत नाही म्हणून आई गाडी विकायला निघालीय. बाबांची गाडी आहे, मामा."

तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आले, की हिशेब मी भलत्याच गोष्टीचा करीत होतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही गाडी मेस्त्रीकडे नेली. एअर फिल्टर धुळीने चोंदला होता, प्लग काजळले होते, क्लच झिजला होता. पगाराचा बराच भाग तेथेच गेला.

गेल्या रविवारी पाचगणीला निघालो. ताई पुढच्या सीटवर बसली होती. पसरणीचा घाट आम्ही बहुतेक दुसऱ्या गिअरमध्येच चढलो. पण चढलो! वर पोचल्यावर ताई एवढेच म्हणाली, "राहू दे रे गाडी."