सागरसेवेचे व्रत : अमेरिकेतील बिनपगारी तटरक्षकांची कहाणी

श्रावणातील पौर्णिमा म्हणजे दर्याच्या पूजनाचा दिवस. आज कोकणपट्टीवरील कोळीवाड्यांतून सोनेरी वेष्टनात मढविलेला नारळ वाजतगाजत समुद्राकडे नेला जाईल. पावसाळ्यात ओढून ठेवलेल्या होड्या रंगवून, पताका लावून सज्ज झालेल्या असतील. दर्या शांत व्हावा आणि गेलेला धनी सुखरूप घरी यावा, एवढेच त्या पूजेतील मागणे असते.

या मागण्याला माणसाच्या हातून घडणाऱ्या सेवेची जोड मिळाली तर काय घडू शकते, याचे एक उदाहरण आम्ही आजच्या सणाच्या निमित्ताने वाचकांपुढे ठेवीत आहोत. ते सातासमुद्रापलीकडचे, अमेरिकेतील आहे. परंतु दर्याकाठी राहणाऱ्या कोणत्याही घराला ते आपलेसे वाटावे असे आहे.

अमेरिकेच्या तटरक्षक दलाला ‘कोस्ट गार्ड ऑक्झिलरी’ नावाचे एक साहाय्यक दल जोडलेले आहे. त्यात शिक्षक आहेत, कारागीर आहेत, दुकानदार आहेत आणि सेवानिवृत्त झालेली मंडळीही पुष्कळ आहेत. यांपैकी कोणालाही पगार मिळत नाही. आपापला प्रपंच सांभाळून उरलेला वेळ, आणि अनेकदा स्वतःची नौकासुद्धा, ते या कामी देतात. सरकारी आज्ञेनुसार गस्तीवर निघाल्यास इंधनाचा खर्च तेवढा भरून मिळतो.

टवाळांचे आरमार

या दलाचा जन्म २३ जून १९३९ रोजी अमेरिकी काँग्रेसने केलेल्या कायद्याने झाला. हौसेखातर नौका बाळगणाऱ्यांची संख्या त्या काळी झपाट्याने वाढत होती आणि प्रत्येकाच्या मदतीला धावणे मोजक्या रक्षकांच्या आवाक्याबाहेर गेले होते. तेव्हा नौका बाळगणाऱ्यांनाच शिकवून तयार करावे, असा विचार पुढे आला. १९ फेब्रुवारी १९४१ रोजी दलाला आजचे नाव मिळाले.

त्यानंतर वर्षभरातच त्याची कसोटी लागली. १९४२ च्या प्रारंभी जर्मन पाणबुड्या अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापाशी येऊन ठेपल्या आणि व्यापारी जहाजे काठावरून दिसतील इतक्या जवळ जळू लागली. गस्तीची जहाजे अपुरी होती. अशा वेळी हौशी नावाड्यांनी आपल्या शिडाच्या नौका पुढे केल्या. शिडाच्या नौकेला यंत्राचा आवाज नसतो. त्यामुळे पाण्याखालील शत्रूला तिची चाहूल लागत नाही. लोकांनी थट्टेने या ताफ्याला ‘हूलिगन नेव्ही’, म्हणजे टवाळांचे आरमार, असे नाव ठेवले. परंतु याच साध्यासुध्या माणसांनी फ्लोरिडाच्या किनाऱ्यालगत बुडविलेल्या जहाजांवरील खलाशांना पाण्यातून वर काढले. युद्ध संपेपर्यंत या दलातील सुमारे ५० हजार सभासदांनी बंदरांचे पहारे आणि गस्तीची कामे पार पाडली.

पथकाचे एक वर्ष

या दलाच्या मूळ घटकाला ‘फ्लोटिला’ म्हणतात. आपण त्याला पथक म्हणू. एका गावातील किंवा बंदरातील सभासद मिळून पथक बनते. महिन्यातून एकदा सभा भरते, आणि आपल्याकडील मंडळांप्रमाणे दरवर्षी प्रमुख व उपप्रमुख यांची निवड होते. नव्या पदाधिकाऱ्यांनी सूत्रे हाती घेण्याचा सोहळा कुटुंबीयांच्या उपस्थितीत, भोजनासह साजरा होतो. गणवेश तटरक्षकांसारखाच असतो. मात्र त्यांच्या सोनेरी फितीच्या जागी या स्वयंसेवकांना चंदेरी फीत असते.

हिवाळ्यात वर्ग चालतात. नकाशा वाचणे, दोरांच्या गाठी, बिनतारी यंत्रावरील संभाषण, थंड पाण्यात पडल्यास करावयाचे उपाय, असे विषय त्यांत शिकविले जातात. उन्हाळ्यात गस्ती सुरू होतात. लहान मुलांसाठी ‘कोस्टी’ नावाची चालती-बोलती यांत्रिक होडी शाळांतून नेली जाते आणि तिच्या तोंडून पाण्यावरील शिस्तीचे धडे दिले जातात.

परंतु या पथकांचे खरे काम नौका धक्क्यावर असतानाच होते. सभासद विनामूल्य नौकातपासणी करतात. प्रत्येक माणसामागे लाइफ जॅकेट आहे काय, आग विझविण्याचे नळकांडे चालते काय, रात्रीचे दिवे लागतात काय, संकटाची खूण करण्याची साधने जवळ आहेत काय, हे एकेक करून पाहिले जाते. सर्व ठीक असल्यास त्या वर्षाची चिकटपट्टी नौकेवर लावतात. काही उणे आढळले तर दंड नाही, पोलिसांत तक्रार नाही. काय आणावयाचे ते नीट समजावून सांगितले जाते.

वल्ह्याच्या छोट्या होड्यांवर मालकाचे नाव व दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी चिकटविण्याचे कामही ही मंडळी करतात. वाऱ्याने सुटून आलेली रिकामी होडी समुद्रात सापडली, तर तिच्यातील माणूस बुडाला की घरी सुखरूप आहे, हे एका दूरध्वनीने कळते. रक्षकांचा विनाकारण शोध वाचतो, आणि दुसरीकडे खरोखरच कोणी बुडत असेल तर ते तिकडे धावू शकतात.

‘येतो’ म्हणून निघणे

आणखी एक गोष्ट हे स्वयंसेवक आवर्जून शिकवितात. नौका कोणती, बरोबर कोण कोण, जाणार कोठे आणि परतणार केव्हा, हे कागदावर लिहून घरच्या माणसापाशी ठेवावे. वेळ टळून गेली की त्या माणसाने रक्षकांना कळवावे. आपल्याकडे घराबाहेर पडताना ‘जातो’ म्हणत नाहीत, ‘येतो’ म्हणतात. तो कागद म्हणजे लेखी ‘येतो’च होय. घरी वाट पाहणारे माणूस त्यामुळे नुसते वाट पाहत बसत नाही. तेही रक्षणाच्या कामात सामील होते.

या स्वयंसेवकांना कोणाला अटक करण्याचा अधिकार नाही. १९९६ च्या कायद्याने त्यांच्या कामाची व्याप्ती वाढली; तरी लष्करी कारवाई आणि प्रत्यक्ष कायद्याची अंमलबजावणी यांपासून ते दूरच राहतात. सत्ता नाही, वेतन नाही, आहे ती केवळ सेवा. २००५ मध्ये कॅटरिना वादळ आले, तेव्हा तटरक्षक दलाने ३३ हजारांहून अधिक लोकांची सुटका केली. त्या दिवसांत रक्षकांच्या पाठीमागे ठाण्यांवरील कामे सांभाळण्यास ही मंडळी उभी राहिली. पुढे धावणाऱ्याची कीर्ती होते, मागे राहून दिवा तेवत ठेवणाऱ्याची होत नाही. तरी हे काम अडत नाही.

तरीही मनाला चटका लावणारा एक आकडा आहे. अमेरिकेत २०२२ या वर्षी हौशी नौकानयनातील अपघातांत ६३६ जणांनी प्राण गमावले. ज्यांच्या मृत्यूचे कारण कळले, त्यांतील सुमारे तीन चतुर्थांश बुडून गेले, आणि बुडालेल्या शंभरांतील ८५ जणांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हते. जॅकेट नौकेत असून भागत नाही. ते अंगावर असावे लागते. धक्क्यावर उभे राहून तेच ते पुन्हा सांगण्याचा कंटाळा हे स्वयंसेवक का करीत नाहीत, हे यावरून उमगते.

आपल्या किनाऱ्यावर

आपल्या देशाचे तटरक्षक दल १९७७ मध्ये कामाला लागले आणि १९७८ च्या कायद्याने त्याची रीतसर स्थापना झाली. ‘वयं रक्षामः’ हे त्याचे ब्रीद. समुद्रावरील संकटात १५५४ या क्रमांकावर त्याला हाक मारता येते. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील गावांतून सागर रक्षक दलाचे स्वयंसेवक पोलिसांचे डोळे आणि कान होऊन राहतात. तेव्हा ही परंपरा आपल्याला परकी नाही.

परंतु १८ डिसेंबर २०२४ चा दिवस विसरून चालणार नाही. मुंबईच्या गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान नौका आदळली आणि १५ जणांना प्राणास मुकावे लागले. त्यानंतर गेटवेवरील बोटींत प्रवाशांना लाइफ जॅकेट सक्तीचे झाले. एवढी किंमत मोजल्यावर जो नियम आला, तो आधीच आपल्या सवयीचा असता तर!

आज दर्याला नारळ अर्पण होईल. पुढे गणरायाच्या विसर्जनालाही कित्येक कुटुंबे होडीत पाऊल ठेवतील. वाचकांना आमची एवढीच विनंती की, होडीत बसण्यापूर्वी घरच्या प्रत्येकाच्या अंगावर, विशेषतः लेकरांच्या अंगावर, जॅकेट आहे ना, हे पाहावे. किती वाजता परतणार ते घरी सांगून जावे. आपण हात जोडून ज्याच्या सुखरूप येण्याचे मागणे मागतो, त्याच्या जॅकेटाचा बंद आपल्याच हाताने बांधणे हाही त्या पूजेचाच भाग होय.