शेवटच्या मुलाचं शिबिर

 पुढे सतरंजीवर बसलेल्या लेकरांनो, आजचं बोलणं तुमच्याबद्दलच आहे, त्यामुळे मध्येच उठून गेलात तरी मी रागावणार नाही.

आंजीतल्या काही तरुणांनी यंदा मे महिन्यात मुलांचं शिबिर घ्यायचं ठरवलंय, तेही तळ्याकाठी. ही चांगली गोष्ट आहे. पण त्यांच्यात एक वाद पडलाय: बक्षिसं ठेवायची की नाही? कुणी ढाली द्यायला तयार आहे. काही जण म्हणतात, स्पर्धा नसली तर पोरांना चेव कसा येणार? दुसरे म्हणतात, वर्षभर शाळेत नंबरच चाललेले असतात, निदान आठ दिवस तरी ते नकोत. ‘सर, तुम्ही तत्त्वज्ञान शिकवलंत, तुम्ही सांगा’ असं म्हणून त्यांनी हा चेंडू माझ्याकडे टोलवला. मी माझं मत आडपडदा न ठेवता सांगतो: स्पर्धा नको. पण हे मी पुस्तक वाचून शिकलो नाही. एका पोराने मला शिकवलं.

पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. अशाच एका तळ्याकाठच्या शिबिराची जबाबदारी माझ्याकडे होती. मुलांचे चार गट केले. मोठा गुणफलक मीच रंगवला. तंबू नीट आवरला तर पाच गुण, पोहण्यात पहिला आला तर दहा. पहिले दोन दिवस काय उत्साह होता म्हणून सांगू! मी स्वतःवर खूश होतो. एका गटात दहा वर्षांचा एक मुलगा होता. त्याला पाण्याची भीती वाटायची. पाठीला भोपळा बांधून तो जेमतेम चार हात मारायचा आणि काठावरून त्याच्याच गटातली मुलं ओरडायची, ‘अरे, चाल ना बे!’ तिसऱ्या दिवशी त्याचं पोट दुखायला लागलं. चौथ्या दिवशीही दुखलं. शेवटच्या दिवशी तो माझ्याजवळ आला आणि अगदी शांतपणे म्हणाला, ‘सर, मी नसतो त आमचा गट पयला आला असता.’

मंडळी, तेव्हा माझ्या नावामागे डॉक्टरेट लागलेली होती. या वाक्यावर मला उत्तर सुचलं नाही. कारण तो खरंच बोलत होता! मी रंगवलेल्या फलकाप्रमाणे तो नसता तर त्याच्या गटाचं बरंच झालं असतं. दहा वर्षांच्या पोराला हा हिशेब मी शिकवला होता. पोहणं मात्र शिकवलं नव्हतं.

आता जरा विचार करू. जगात दोन प्रकारच्या गोष्टी असतात. पहिला नंबर ही एक प्रकारची गोष्ट. तो मला मिळायचा तर तुम्हाला मिळता कामा नये. तो एकच असतो आणि वाटता येत नाही. पोहायला येणं ही दुसऱ्या प्रकारची गोष्ट. मला पोहता आलं म्हणून तुमचं पोहणं काही कमी होत नाही. उलट मी तुम्हाला शिकवू शकतो. गाणं, स्वयंपाक, आकाशातले तारे ओळखणं, टिटवीचं अंडं न तुडवता माळावरून चालणं, हे सगळं दुसऱ्या प्रकारचं. गंमत अशी की आपण या दुसऱ्या प्रकारच्या गोष्टींना नंबर लावतो आणि त्यांना पहिल्या प्रकारच्या करून टाकतो. आणि पहिला नंबर देताना आपण त्याच हाताने शेवटचा नंबरही देत असतो. फक्त त्याची ढाल नसते.

तुम्ही म्हणाल, एका पोराच्या बोलण्यावरून सर एवढं मोठं अनुमान काढतात. ठीक आहे. १९५४ साली अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यात मुझफर शेरीफ नावाच्या मानसशास्त्रज्ञाने मुलांचं एक उन्हाळी शिबिर भरवलं. रॉबर्स केव्ह या जागेच्या नावाने ते ओळखलं जातं. साधारण अकरा वर्षांची बावीस मुलं, सगळी साध्या घरची, धडधाकट. त्यांचे दोन गट केले. आपण एका प्रयोगात आहोत हे मुलांना माहीत नव्हतं. आज कुणी तसं करू देणार नाही, आणि ते बरंच आहे. पुढे दोन्ही गटांत सामने लावले. बक्षिसाला चाकू आणि पदकं होती. थोड्याच दिवसांत मुलं एकमेकांना शिव्या देऊ लागली, एकमेकांच्या खोल्यांवर धाडी घालू लागली. एका गटाने दुसऱ्याचा झेंडाही जाळला.

मग शेरीफने दोन्ही गटांना जेवायला एकत्र बसवून पाहिलं. त्याने काही झालं नाही, अन्नाची फेकाफेक तेवढी झाली. नुसतं एकत्र बसवून माणसं एक होत नाहीत, हे आपण लग्नाच्या पंगतीतही पाहतो. मग त्याने दोघांनाही सोडवावी लागेल अशी अडचण आणली. छावणीचं पाणी बंद पडलं. सगळ्यांनी मिळून टाकीपर्यंत शोध घेतला तेव्हा पाणी आलं. पुढे एका सहलीत जेवण आणायला निघालेला ट्रक सुरू होईना. मुलांनी दोर आणला आणि सगळ्यांनी मिळून ट्रक ओढला. हा दोर कुठला होता? ज्या दोराने त्यांनी एकमेकांविरुद्ध रस्सीखेच केली होती, तोच! दोर तोच, हातही तेच. फक्त ओढायची दिशा एक झाली. घरी परतताना मुलांनी एकाच बसने जायचं ठरवलं. वाटेत एका गटाने आपल्याकडच्या बक्षिसाच्या पैशातून सगळ्यांना दुधाचं पेय पाजलं.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. आदल्या वर्षी, १९५३ साली, शेरीफने न्यूयॉर्क राज्यात असाच प्रयोग केला होता आणि तो फसला. का? तिथे गट पाडण्याआधी मुलांची आपसात मैत्री झाली होती. मग कितीही डिवचलं तरी ती पोरं भांडेनात. मला हा फसलेला प्रयोग जास्त आवडतो.

आता आपल्याकडे येऊ. आंजीहून वर्ध्याला जायला फार वेळ लागत नाही. तिथे २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि नई तालीमची कल्पना देशापुढे आली. मग सेवाग्रामात आर्यनायकम आणि आशादेवी यांनी ती मुलांबरोबर जगून पाहिली. सूत कातणं, शेती, सफाई, स्वयंपाक हीच तिथली पुस्तकं होती. स्वयंपाकघरात नंबर कसा लावणार? एकाने पीठ मळलं, एकाने पोळी लाटली, एकाने भाजली. पोळी कच्ची राहिली तर सगळ्यांच्याच ताटात कच्ची. २००५ पासून सेवाग्रामला आनंद निकेतन शाळा पुन्हा याच वाटेने चालली आहे. शिबिर घेणाऱ्यांनी एक दिवस तिथे जाऊन बघावं. गांधीजींनी रस्किनचं पुस्तक १९०४ साली आगगाडीच्या प्रवासात वाचलं आणि पुढे त्याचा सार गुजरातीत ‘सर्वोदय’ नावाने लिहिला. मूळ इंग्रजी नावाचा अर्थ ‘या शेवटच्यालाही’ असा होतो. माझ्या मते शिबिराची कसोटी हीच आहे. शेवटच्या मुलाचं काय झालं?

मग करायचं काय? थोडं तपशिलात सांगतो, कारण नुसत्या तत्त्वाने शिबिर चालत नाही.

आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. म्हणून पहाटे पाचला उठायचं. सकाळी काठाची सफाई आणि पोहणं. उन्हं चढली की झाडाखाली यायचं. दुपारी पळसाच्या पानांच्या पत्रावळी लावायच्या, तळ्याच्या गाळाची बैलं-भांडी करायची, गोष्टी सांगायच्या. आपली पत्रावळ पहिल्या दिवशी गळते. दुसऱ्या दिवशी शेजारची मुलगी काडी कशी टोचायची ते दाखवते. संध्याकाळी खेळ. रात्री सप्तर्षींच्या शेपटीवरून स्वाती शोधायची, पुढे चित्रा.

खेळ कोणते? ज्यात बाद झालेला बाहेर बसत नाही असे. साखळीची शिवाशिवी घ्या. सापडला तो बाहेर जात नाही, साखळीत येतो. संगीत खुर्चीत आपण दर फेरीला एक मूल काढून टाकतो, आणि बहुधा ज्याला खेळायची जास्त गरज आहे तेच आधी बाहेर पडतं. कॅनडाच्या टेरी ऑर्लिक यांनी १९७८ साली सहकारी खेळांचं पुस्तक लिहिलं. त्या पद्धतीच्या खेळात खुर्च्या कमी होतात, पण मूल एकही कमी होत नाही. उरलेल्या खुर्च्यांवर सगळ्यांनी मावायचं. शेवटी एका खुर्चीवर वीस जण! पाहाच एकदा.

पाण्याबद्दल मात्र मी कडक आहे. तलाव विहिरीसारखा नसतो. चार पावलांवर गुडघाभर पाणी आणि पाचव्या पावलाला मुरूम काढलेला खड्डा. पाय गाळात रुततो. तिथे ‘कोण लांब जातो’ ही पैज म्हणजे जिवाशी खेळ. म्हणून तळ माहीत असलेलं उथळ पाणी निवडा. धरणाचा जलाशय असेल तर आधी परवानगी घ्या. दोर आणि पिंप लावून हद्द आखा. पट्टीचे पोहणारे मोठे लोक पाण्यात उभे करा, आणि मुलांच्या जोड्या लावा. शिटी वाजली की प्रत्येकाने आपल्या जोडीदाराचा हात धरून वर करायचा. मग मोजायचं. एकाला बाहेर यायचं असेल तर दोघांनी यायचं. जगभरच्या शिबिरांत हीच रीत आहे. पाण्यात शेजारचं मूल तुमचा प्रतिस्पर्धी नसतं. तोच तुमचा भोपळा असतो.

‘पण मग प्रगती कशी कळणार?’ रूसोने १७६२ साली ‘एमील’मध्ये सुचवलंय की मुलाला दुसऱ्या मुलाशी तोलू नका, त्याच्याच मागच्या वर्षाशी तोला. प्रत्येकाला एक वही द्या. काल चार हात मारले, आज सहा. बास.

दुसऱ्या वर्षी आम्ही तो फलक लावला नाही. खोटं सांगत नाही, पहिले दोन दिवस जड गेले. ‘सर, याचे गुण किती?’ हेच पोरं विचारत. तिसऱ्या दिवशी विचारायची थांबली. तो मुलगा मात्र त्या वर्षी आला नाही. ती रुखरुख आजही आहे.

[श्रोत्यांतून एक ताई: सर, पुढे तर सगळ्या परीक्षा स्पर्धेच्याच आहेत. मुलं मागे नाही का पडणार?]

ताई, तुमची काळजी रास्त आहे. परीक्षा मी बंद करू शकत नाही, आणि मुलं त्या देतीलच. पण हरल्यावर पुन्हा उठायचं बळ लागतं, ते हरवून येत नाही. ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ असं ज्याला कधी वाटलं नाही, त्याच्यात ते असतं. वर्षाचे तीनशे सत्तावन्न दिवस स्पर्धेला दिलेच आहेत. आठ दिवस यासाठी द्या.

आणि ज्यांनी ढाली देऊ केल्यात त्यांना माझी हात जोडून विनंती. त्याच पैशाचा गोरसपाक आणा वर्ध्याहून. सगळ्यांना सारखा वाटा, आणि वाटायला सर्वांत लहान लेकराला बोलवा.

थांबतो.